मीटर शून्य दाखवतो तेव्हा

गोव्यात फर्मागुडीला आयटीआय केलं आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत अप्रेंटिस म्हणून लागलो. तिसराच महिना, भर जुलै. पंपाच्या पॅनलमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच, बदलायचा होता. आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा मुख्य स्विच, पाडला, मीटर (हातातला मल्टिमीटर) एसी व्होल्टवर फिरवला आणि तिन्ही फेज, म्हणजे विजेच्या तिन्ही तारा, एकमेकींशी लावून बघितल्या. शून्य, शून्य, शून्य. स्क्रू-ड्रायव्हर टर्मिनलला टेकवणार एवढ्यात फोरमननी मागून दंड धरला. ‘आदीं मीटर पळय, मागीर पॅनल’ (आधी मीटर बघ, मग पॅनल), एवढंच म्हणाले आणि शेजारच्या सॉकेटमध्ये माझ्याच मीटरची टोकं घालायला लावली. तिथंही शून्य. त्याच बोर्डावर टेबल फॅन मात्र गरगरत होता.

काळी लीड, म्हणजे मीटरची काळी वायर, मीटरमध्ये शिरते त्या वळणावर आतली तांब्याची तार तुटली होती. वरचं रबर अगदी शाबूत. आणि मी पाडलेला आयसोलेटर होता शेजारच्या पंपाचा. म्हणजे समोर ४१५ व्होल्ट उभे होते आणि मी मीटरच्या भरवशावर हात घालायला निघालो होतो.

नव्यानं या कामात येणाऱ्यांना मी हा प्रसंग आधी सांगतो. शून्य दिसलं म्हणजे वीज नाही असं नव्हे. मीटरला ती दिसत नाहीये, एवढंच. म्हणून आधी चालू असल्याची खात्री आहे अशा ठिकाणी मीटर लावायचा, मग बंद केलेल्या ठिकाणी, मग पुन्हा त्या चालू ठिकाणी. तिसरी पायरी बहुतेक जण खातात. पण मधल्या अर्ध्या मिनिटातही लीड तुटू शकते.

लीडची तपासणी सोपी आहे. मीटर ओहमवर ठेवा, दोन्ही टोकं एकमेकांवर दाबून धरा. चांगल्या लीडला अर्ध्या ओहमच्या आत आकडा येतो. आता तसंच धरून वायर दोन्ही बाजूंच्या मुळाशी वाकवा, हलवा. आकडा नाचला की लीड गेली. रबराला चीर दिसली तर टेप गुंडाळू नका, लीड सरळ टाकून द्या. नवी घेताना तिच्यावरचं कॅटचं रेटिंग, म्हणजे कुठल्या जागी वापरायला ती सुरक्षित आहे हे सांगणारा आकडा, मीटरपेक्षा कमी नको. पॅनलमध्ये काम असेल तर मीटर आणि लीड दोन्ही कॅट-३, ६०० व्होल्टचे तरी हवेत. बाजारात मिळणारे ते स्वस्त पिवळे मीटर रेडिओ-खेळणी उघडायला ठीक. त्यातल्या बऱ्याच मीटरवर १० अँपिअरच्या भोकाशी ‘अनफ्यूज्ड’ असं चक्क छापलेलं असतं, पण वाचतो कोण!

फ्यूजबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथं जुगाड फार चालतो. अँपिअर मोजताना मीटरच्या आतून जवळजवळ सरळ वाट असते, अडथळा नाममात्र. लाल लीडची मीटरकडची पिन अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही व्होल्ट बघायला सॉकेटमध्ये टोकं घातलीत, तर तो सरळ शॉर्ट. त्या क्षणी तुमच्या बोटांच्या आणि स्फोटाच्या मध्ये फक्त फ्यूज असतो. चांगल्या मीटरमधला फ्यूज जाडसर सिरॅमिकचा, आत वाळू भरलेला. तार वितळताना पेटणारी ठिणगी ती वाळू विझवते. त्या जागी काचेचा फ्यूज बसवला तर तार वितळूनही ठिणगी चालूच राहू शकते. आणि वायरचा तुकडा किंवा सिगरेटची चांदी घातली, तर विचारूच नका. अस्सल फ्यूजच्या पैशात एखादा साधा मीटर येतो, हे खरं. तरीही तोच घ्यावा, मीटरवर छापलेल्या अँपिअरचा आणि तेवढ्याच व्होल्टचा.

फ्यूज शाबूत आहे का, हे पुष्कळ मीटरमध्ये न उघडता कळतं. लाल पिन व्होल्ट-ओहमच्या भोकात, नॉब ओहमवर, आणि लाल लीडचं टोक अँपिअरच्या भोकात आत टेकवा. छोटा आकडा आला तर फ्यूज ठीक, ‘ओएल’ (मोजता येत नाही, वाट तुटलेली) आलं तर उडालाय.

आता पाऊस. आपल्याकडे जून ते सप्टेंबर चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते, मीटरचं काय घेऊन बसलात. एसीच्या खोलीतला गार मीटर दमट हवेत काढला की आत दव धरतं. तो पिशवीतच अर्धा तास राहू द्या, मग वापरा. पिशवीत सिलिका जेलची पुडी असली तर उत्तम.

आमच्या घरचा मीटर वर्षातून एकदा, चवथीला मखराची लायटिंग बघायला बाहेर निघतो. एका वर्षी चालूच होईना. मागचं झाकण काढलं तर सेल पाझरलेले, स्प्रिंगवर पांढरा खरखरीत थर. हातमोजे घालून, कानकाडीला थोडा व्हिनेगर लावून थर पुसला, वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवला, वाळवला. वाचला. पण झाकण उघडण्याआधी दोन्ही लीड सर्किटमधून आणि मीटरमधून काढलेल्या हव्यात, नॉब ‘ऑफ’ला. दोन-तीन महिने लागणार नसेल तर सेल काढून ठेवा. बॅटरीचं चिन्ह दिसू लागलं की त्याच दिवशी सेल बदला, नंतरच्या आकड्यांवर विसंबू नका.

बाहेरून पुसायला ओलसर फडकं आणि साधा साबण पुरे. थिनर, पेट्रोल नको. डिस्प्लेची काच पांढरी पडते. आमचे कंपनीतले मीटर वर्षातून एकदा कॅलिब्रेशनला, म्हणजे आकडे बरोबर येतात का हे तपासायला, जातात. घरच्याला निदान एखाद्या चांगल्या मीटरशेजारी ठेवून पडताळावं.

मीटर उसना मागणारे भेटतातच. मागच्या आठवड्यात माझा एकानं नेला तो परत आला, तर लाल पिन १० अँपिअरच्या भोकात. तेव्हापासून मीटर देतो, पण लीड माझ्या खिशात.