रेमो ऐकवायचा तर १९८७ ला थांबा

श्रवणसत्राला माणसं जमवणं सोपं, दोन तास बसवून ठेवणं अवघड. सावंतवाडीत एका वाचनालयाच्या माडीवर मी अशी सत्रं घेते. गोव्याचा गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस हा विषय लावला की खुर्च्या कमी पडतात, कारण पणजी इथून जवळ आणि पणजीची आकाशवाणी तर इथल्या कित्येक घरांत सकाळपासून लागलेली असायची. तुमच्याकडेही गर्दी होईल. फक्त आलेल्यांपैकी निम्म्यांना ‘हम्मा हम्मा’ हवं असतं, तेव्हा ते आज वाजणार नाही हे पहिल्याच मिनिटाला सांगून टाका. ते गाणं ज्यात आहे तो ‘बॉम्बे’ चित्रपट १९९५ चा, ‘प्यार तो होना ही था’ १९९८ चा. तोवर हा गडी पुरता तयार झाला होता. कसा तयार झाला ते ऐकवायचं असेल तर जन्मापासून १९८७ पर्यंतचाच काळ घ्या. तेवढ्यालाच वेळ पुरत नाही.

सुरुवात त्याच्या गाण्याने करू नका. आधी एक मांडो, म्हणजे गोव्याचं जुनं कोकणी गाणं लावा, संथ, व्हायोलिन आणि घुमट या तालवाद्यासकट. मग त्याच दमात एक दुलपद, मांडोचं जलद भावंड. मग फादो, पोर्तुगालचं उदास गाणं, आणि त्याला लागूनच अमेरिकी रॉक गायक बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’. प्रत्येकाचं दीडेक मिनिट पुरे, मध्ये निवेदन नको. लोकांना फक्त मांडीवर ताल धरायला सांगा. मांडोला झुलणारे हात दुलपदाला पळायला लागतात, फादोला थबकतात आणि हेलीला आपसूक चारच्या ठेक्यावर येतात. घुमट मिळालं तर आणाच. मातीचा घट, एका तोंडाला चामडं, दुसरं तोंड उघडं. पूर्वी ते घोरपडीच्या कातड्याने मढवायचे, आता बंदी असल्यामुळे बकऱ्याचं लावतात. उघड्या तोंडावर तळहात ठेवून काढला की आवाज खाली दबतो आणि परत फुगतो. पहिल्या रांगेतल्या एकाच्या हातात ते देऊन हे करून बघू द्या. पुढे रेमोच्या गाण्यातला ठेका कुठून येतो ते मग वेगळं समजवावं लागत नाही.

आता चरित्र, पण थोडक्यात. जन्म पणजीत, ८ मे १९५३. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता. १९ डिसेंबर १९६१ ला तो मुक्त झाला तेव्हा पोरगा आठ वर्षांचा होता. हेलीची ती तबकडी त्याच्या सातव्या वर्षी लंडनहून आलेल्या एका चुलतभावाने आणली होती. म्हणजे राजवट बदलायच्या आधीच रॉक घरात शिरलं होतं! इथे एक क्षण थांबा, लोकांना हिशेब करू द्या. शाळेत बँड, पुढे मुंबईला सर ज. जी. कॉलेजात आर्किटेक्चर, तिथे ‘द सॅव्हेजेस’ या बँडबरोबर वादन. १९७७ ते १९८० युरोप आणि उत्तर आफ्रिकेत मिळेल त्या गाडीला हात दाखवत भटकंती, वाटेत भेटलेल्या बँडांबरोबर गाणं-बजावणं. या भागाला नकाशे आणि स्लाइडी लावायचा मोह होतो. आवरा. पाच मिनिटांत युरोप उरकून गोव्यातल्या त्याच्या शिवोली गावच्या घरी या, कारण खरा खजिना तिथे आहे.

मुंबईच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांना इंग्रजीत स्वतःची गाणी लिहिणारा हिंदुस्थानी गायक नको होता. मग त्याने शिवोलीच्या घरातल्या एका खोलीचा स्टुडिओ केला आणि चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम एकट्याने ध्वनिमुद्रित केला. शब्द त्याचे, चाली त्याच्या, सगळी वाद्यं आणि सगळे आवाज त्याचेच, वेष्टनही त्यानेच केलेलं. १९८४ मध्ये कॅसेट निघाली आणि पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवायलाही तोच.

हे नुसतं सांगितलं तर लोक कौतुकाने माना डोलावतात आणि विसरतात. त्यापेक्षा करून दाखवा. साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे, म्हणजेच ट्रॅक, असतात: एका बाजूचे डावा-उजवा, दुसऱ्या बाजूचे डावा-उजवा. चार ट्रॅकचं यंत्र हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरतं, म्हणून ती कॅसेट उलटायची नसते. साध्या प्लेअरमध्ये घातली तर अर्धेच आवाज ऐकू येतात, आणि उलटून लावली तर उरलेले अर्धे उलटे. आता मोबाइलवर अनेक ट्रॅकचं कुठलंही फुकटचं ॲप घ्या आणि स्वतःला चारच पट्ट्यांची अट घाला. श्रोत्यांतला एक जण बाकावर ठेका वाजवेल, दुसरा पेटीवर सूर धरेल, तिसरा गुणगुणेल. हे तीन पट्टे झाले. आता ते तिन्ही मिळून चौथ्यावर उतरवा आणि पहिले तीन पुसून टाका. तीन पट्टे परत मोकळे! त्यावर अजून आवाज चढवा.

मग मुद्दाम विचारा, ‘आता तो ठेका जरा हळू करूया का?’ करता येत नाही. तो सुरात आणि गुणगुणण्यात कायमचा मिसळला आहे. आमच्याकडे पेटीवाले मास्तर यावर चांगलेच वैतागले होते, कारण त्यांचा सूर बाकाखाली गाडला गेला होता. त्या वैतागातच विषय पोचतो. एकट्या माणसाला कुठल्या आवाजावर कुठला चढवायचा हे आधी डोक्यात वाजवून घ्यावं लागतं, आणि प्रत्येक उतरवणीला फितीची सरसर वाढते ती वेगळीच. हे झालं की लगेच ‘गोअन क्रेझी’ लावा आणि गप्प बसा. ज्यांनी ते आधी शंभरदा ऐकलं असेल तेही पुढे सरकून ऐकतात.

त्यामागोमाग १९८५ चं ‘ओल्ड गोअन गोल्ड’. यात त्याने गोव्याची जुनी गाणी घेतली आहेत. सुरुवातीचा मांडो ज्यांनी मांडीवर वाजवला ते इथे स्वतःहून हात उचलतात. लोकगीताला वाद्यांचा साज चढवणं त्या काळी बरेच जण करत होते, पण रेमोच्या हातात जुनी चाल अवघडून बसत नाही. माझं मत विचाराल तर नव्वदीतल्या हिंदी गाण्यांपेक्षा हा माणूस इथेच जास्त भेटतो.

जुनी कॅसेट वाजवणार असाल तर दोन कामं आदल्या दिवशीच करा. फितीच्या कडेला पांढरट बुरशी दिसली तर कॅसेट प्लेअरमध्ये घालूच नका. कोकणातल्या पावसाळ्यात हे हमखास होतं आणि एक बुरसटलेली फीत हेडमार्गे, म्हणजे प्लेअरच्या फीत वाचणाऱ्या भागातून, पुढच्या सगळ्या कॅसेटी खराब करते. आतल्या फितीमागे स्पंजाचा बारका तुकडा असतो तो जागेवर आहे ना ते पाहा. तो गळला असेल तर आवाज लांबून आल्यासारखा येतो आणि लोक स्पीकरला दोष देतात. हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. तरीही आवाज बोदा वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित, अगदी पाव फेऱ्याहून कमी, फिरवत ‘स’ आणि ‘श’ स्पष्ट होईपर्यंत ऐका.

मध्यंतरानंतर पडद्याकडे वळा. श्याम बेनेगलांचा ‘त्रिकाल’ १९८५ चा, गोव्यातल्या लोटलीला व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या घरात चित्रित झालेला, कथा १९६१ च्या गोव्यातली. त्यात रेमो आहे. म्हणजे ज्या वर्षी तो आठ वर्षांचा होता त्या वर्षाचा अभिनय करायला तो मोठेपणी गेला. मग १९८६ चं ‘पॅक दॅट स्मॅक’, अमली पदार्थांविरुद्धचा अल्बम. त्याला लागूनच १९८७ च्या ‘जलवा’चं शीर्षकगीत लावा, कारण तो चित्रपटही गोव्यातल्या त्याच धंद्याभोवती फिरतो. क्रम उलटा केलात तर ‘जलवा’वर लोक नाचायच्या तयारीत असतात आणि पुढचं गंभीर गाणं आपटतं.

शेवटचा किस्सा राजीव गांधींचा. गोवामुक्तीच्या रौप्यमहोत्सवाच्या सुमारास पंतप्रधान गोव्यात आले असताना रेमोने त्यांच्यासमोर त्यांनाच नावाने हाक मारणारं गाणं म्हटलं आणि गोव्याच्या अडचणी सुनावल्या. हा अपमान आहे म्हणून स्थानिक पुढाऱ्यांनी गहजब केला. रेमोने गाण्याचे शब्द आणि वर्तमानपत्रांतली कात्रणं दिल्लीला पाठवली. राजीव गांधींचं उत्तर आलं की गाणं आपल्याला आवडलं. पुढे १९८७ मध्ये फेब्रुवारीत कोकणी राजभाषा झाली आणि ३० मे रोजी गोवा घटक राज्य झालं. या तारखा फळ्यावर लिहून ठेवा, म्हणजे ते गाणं कसल्या तापलेल्या हवेत गायलं गेलं ते तरुण पोरांना कळेल.

इथे हमखास वाद पेटतो. गोव्यातून आलेले एक बोलतात, आमच्याकडचे दुसरं, आणि मराठी-कोकणी हा विषय निघाला की गाणं बाजूला राहतं. पेटू द्या, पण वीस मिनिटंच. आणि माईक फिरवू नका. छोट्या हॉलमध्ये त्याची गरज नसते आणि हातात माईक आला की माणूस प्रश्न विचारायचं सोडून भाषण सुरू करतो.