चित्रपटाला साजेसं कॉकटेल कसं निवडावं

इटालियन चित्रपट, मग नेग्रोनी. मेक्सिकन, मग मार्गारिटा. क्युबन, मग मोहितो. अशा याद्यांवर विसंबलं की संध्याकाळ फसते. देश जुळतो, पण पेय अर्ध्या तासात कोमट होतं आणि चित्रपट अजून दीड तास उरलेला असतो. आधी चित्रपटाची लांबी बघा, मग त्याची लय. देश सगळ्यात शेवटी.

१. चित्रपट ठरवा आणि त्याची मिनिटं लिहून ठेवा.

२. लांबी आणि लयीवरून पेयाचा प्रकार निवडा. अकिरा कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) २०७ मिनिटांचा आहे. तिथे कडक पेय चालतच नाही. उंच ग्लास बर्फाने काठोकाठ भरा, ३० मिली व्हिस्की आणि १२० मिली गार सोडा घाला, चमचा एकदाच फिरवा. झाला हायबॉल. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूच्या ‘ॲन ऑटम आफ्टरनून’मध्ये (१९६२) पात्रंच बारमध्ये व्हिस्की पितात, त्यामुळे तिथे हायबॉल दोन्ही अंगांनी बसतो.

वाँग कार-वाईचा ‘इन द मूड फॉर लव्ह’ (२०००) ९८ मिनिटांचा, संथ. त्याला ओल्ड फॅशन्ड द्या: ६० मिली बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की), ५ मिली साखरेचा पाक, अँगोस्टुरा बिटर्सचे (कडू, मसालेदार अर्काचे) दोन शिडकावे आणि ५ सेंटिमीटरचा एकच मोठा बर्फ. तो हळू वितळतो, पेय घोटाघोटाने सौम्य होत जातं आणि एका ग्लासात चित्रपट निभतो.

‘कॅसाब्लांका’त (१९४२) रिकच्या कॅफेत फ्रेंच ७५ हे कॉकटेल मागवलं जातं, म्हणून तेच द्यायचा मोह होतो. जरूर द्या, पण सुरुवातीलाच. बुडबुडे कोणासाठी थांबत नाहीत. जिन ३० मिली, लिंबाचा रस १५, पाक १५ हे आधी मिसळून गार ठेवा. शॅम्पेन ६० मिली ऐन वेळी, थेट ग्लासात.

आणि ‘द लॉस्ट वीकेंड’ (१९४५) लावणार असाल तर काहीच देऊ नका. दारूने पोखरलेल्या माणसाची ती कथा हातात ग्लास धरून बघणं मला पटत नाही.

३. पाणी आणि गारवा. सगळं इथेच बिघडतं. चित्रपट सुरू असताना कोणी शेकर (पेय हलवायचं झाकणाचं भांडं) वाजवू नये, म्हणून पेय आधीच बाटलीत तयार ठेवायचं, इथपर्यंत सगळे सांगतात. पाण्याचं कोणी सांगत नाही. बर्फावर ढवळलेल्या कॉकटेलमध्ये मूळ मिश्रणाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकं पाणी उतरतं आणि चवीला ते लागतंच. ते न घालता बाटली भरली की पेय घशाला झोंबतं. मग लोक वरून बर्फ टाकतात: पहिले दोन घोट जळजळीत, शेवटचे पाचकळ.

‘सम लाइक इट हॉट’मध्ये (१९५९) रेल्वेच्या डब्यात गरम पाण्याच्या रबरी पिशवीत मॅनहॅटन कॉकटेल बनवतात. तुम्ही बाटली घ्या. सहा जणांसाठी राय व्हिस्की ३६० मिली, गोड व्हर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) १८० मिली, बिटर्सचे आठ ते दहा शिडकावे आणि १२० मिली पिण्याचं पाणी. पाणी मोजूनच घाला, अंदाजाने नाही. एकूण ६६० मिली होतं, ७५० मिलीच्या बाटलीत मावतं. फ्रिजमध्ये किमान चार तास ठेवा. ग्लास मात्र फ्रीझरमध्ये.

बाटलीही फ्रीझरमध्ये टाकायचा सल्ला मिळतो. पाणी घातलेली नेग्रोनी तिथे गोठायला लागते आणि ओतताच येत नाही. नेग्रोनी बर्फावर देणार असाल तर पाणी निम्म्यावर आणा, उरलेलं काम ग्लासातला बर्फ करतो.

माणशी ११० मिली एकदम ओतू नका. आधी ५५, मग मध्यावर पुन्हा ५५. दुसरा भाग फ्रिजमधून येतो, म्हणून तोही पहिल्याइतकाच गार. एवढं एक केलं तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

लिंबाचा नियम वेगळा. रस आदल्या दिवशी काढून ठेवला की त्याचा ताजेपणा जातो, तो त्याच दिवशी पिळा. शेकरमधून आलेला फेसही काही मिनिटांत बसतो. ‘मेमरीज ऑफ अंडरडेव्हलपमेंट’ (१९६८) या क्युबन चित्रपटाला डायकिरी हवी असेल (पांढरी रम ६० मिली, हिरव्या लिंबाचा रस २५, पाक २०, पंधरा सेकंद जोरात हलवून) तर ती चित्रपट सुरू होण्याआधी द्या आणि संपवायला लावा.

४. हायबॉल सोडला तर ग्लास बुटका आणि जड घ्या. लांब दांड्याचा पसरट ग्लास अंधारात सांडतोच.

५. चुरलेला बर्फ आणि स्ट्रॉ नकोत. शांत प्रसंगात तो खळखळाट सगळ्यांना ऐकू येतो.

६. माणशी दोनच पेयं. ४० टक्क्यांच्या ६० मिली मद्यात २४ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. तिसऱ्यानंतर सबटायटल्स वाचणं अवघड जातं आणि परभाषेतला चित्रपट तिथेच सुटतो. न पिणाऱ्यांना जिंजर एल आणि लिंबू, त्याच ग्लासात, त्याच वेळी.

७. प्रसंगाच्या आधी ओता. पडद्यावर मॅनहॅटन दिसल्यावर उठलात तर तोच प्रसंग हुकतो. दुसऱ्यांदा ओतायची जागा आधी हेरून ठेवा. ‘सेव्हन सामुराई’ला मध्यंतर आहे, सोडा तेव्हाच उघडा.