लघुग्रहाचा आकार मोजायचाय? निपाणी ते खानापूर दुर्बिणी लावा

लघुग्रह दुर्बिणीतून बघितला तरी नुसता ठिपकाच दिसतो, पण तो एखाद्या ताऱ्यापुढनं गेला की तारा काही सेकंद गायब होतो, ह्याला पिधान म्हणतात, आणि तेवढ्यात त्याची सावली जवळपास त्याच्याच रुंदीची होऊन जमिनीवरनं पळत असते. समजा सावलीचा वेग सेकंदाला १५ किमी आणि तुमच्याकडनं तारा ४ सेकंद गायब, म्हणजे त्या रेघेवर लघुग्रह ६० किमी लांब.

पण ही एकच जीवा झाली, म्हणजे लघुग्रहाच्या आरपार एकच रेघ, आकार पाहिजे तर अशा बऱ्याच लागतात. इथं आपला हायवे कामाला येतो बघा, सावली पूर्व-पश्चिम जाणार असेल तर निपाणी, संकेश्वर, काकती, बेळगाव आणि पुढं खानापूर अशी माणसं बसवा, उत्तर-दक्षिण ८० किमीचं जाळं होतंय!

आधी लॅपटॉपवर ऑकल्टवॉचर हे पिधानं शोधायचं सॉफ्टवेअर टाका, अक्षांश-रेखांश भरा, पुढच्या पिधानांची यादी येते. पहिल्यांदा दहाव्या प्रतीपेक्षा (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा लहान तेवढा तारा तेजस्वी) तेजस्वी ताराच धरा, सहा इंची दुर्बीण आणि मागं व्हिडिओ कॅमेरा पुरतो.

खरा घाम फुटतो तो तारा शोधताना. म्हणून आदल्या रात्रीच सराव करा, तोच तारा आदल्या रात्री त्याच जागी ४ मिनिटं उशिरा येतो, तेव्हा दुर्बीण कुठं रोखायची ते पक्कं होतं. शेतात बसणार असाल तर मालकाला आधी सांगून ठेवा, आणि थंडीत भिंगावर दव बसतंय, पुठ्ठ्याची नळी गुंडाळा.

वेळेत मात्र हयगय नको. घड्याळ अर्धा सेकंद चुकलं तर तुमची जीवा साडेसात किमी सरकते आणि सगळ्यांचा मिळून आकार वाकडा येतो, म्हणून जीपीएसची वेळ व्हिडिओवरच छापून घ्या. दोन मिनिटं आधी रेकॉर्डिंग चालू करा, नंतरही दोन मिनिटं चालू ठेवा, लघुग्रहाला चंद्र असला तर तोही सापडू शकतो.

२०१७ च्या जुलैत अर्जेंटिनात संशोधकांनी अशाच ओळीनं दुर्बिणी लावल्या होत्या, त्यातनं आरोकोथ हा नेपच्यूनच्या पलीकडचा छोटा पिंड दोन गोळे चिकटल्यासारखा असावा असं दिसलं, आणि १ जानेवारी २०१९ ला न्यू होरायझन्स यान जवळनं गेलं तेव्हा तो खरंच तसा निघाला.

नंतर टँग्रा ह्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ घालून प्रकाशाचा आलेख काढा आणि रिपोर्ट पाठवा. खानापूरवाल्याचा तारा गेलाच नाही तरी त्याचा रिपोर्ट पाठवाच, लघुग्रहाची कड तिथपर्यंत पोचत नाही हे त्याच्यामुळंच कळतं.