लेबल झाकून बिअर चाखायची कशी

चार मित्र जमले, पाच-सहा वेगवेगळे कॅन फोडले, प्रत्येकाने घोट घोट घेतला आणि "ही भारी, ती बकवास" म्हणून विषय संपला, याला टेस्टिंग म्हणत नाहीत, याला बसणं म्हणतात. बसायला माझी काहीच हरकत नाहीये. पण दोन बिअरमधला फरक खरंच कळावा असं वाटत असेल तर थोडी शिस्त लागते, फार नाही, कागद पेन आणि ग्रुपमधल्या सगळ्यात बडबड्या माणसाला पाच मिनिटं गप्प बसवायची धमक. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

पहिलं काम म्हणजे स्टाईल एकच ठरवा. स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर) आणि व्हीट (गव्हाची) बिअर शेजारी ठेवून कोणती चांगली विचारणं म्हणजे पुरणपोळी चांगली का मिसळ असं विचारण्यासारखं आहे, उत्तर येईल पण त्यातून बिअरबद्दल काही कळणार नाही, उत्तर देणाऱ्याचा मूड कळेल. त्यामुळे एका संध्याकाळी फक्त व्हीट, किंवा फक्त आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, ती कडू आणि वासाची असते. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झालं, ती देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रूअरींपैकी (जागेवरच बिअर बनवणाऱ्या छोट्या ब्रूअरी) एक, तेव्हा तुलना करायला शेजारी दुसरं काही नव्हतंच. आता तसं नाही. पुण्यात इंडिपेंडन्स आहे, ग्रेट स्टेट आहे, गोव्याकडून गोवा ब्रूइंगची एट फिंगर एडी आणि आर्बरची बीच शॅक अशा दोन आयपीए कॅनमध्ये येतात, या दोन मिळाल्या तर तेवढ्यावरच एक अख्खी संध्याकाळ निघते.

सुरुवात करणाऱ्यांनी व्हीट घ्यावी असं माझं मत. कारण त्यात दोन घराणी आहेत आणि फरक नवख्यालाही कळतो. बेल्जियन विटमध्ये धणे आणि संत्र्याची साल खरोखर टाकलेली असते, होगार्डन हे त्याचं सगळ्यांना माहिती असलेलं उदाहरण. जर्मन हेफेवायझेनमध्ये मसाला काहीच नसतो, तरी पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि तो येतो फक्त यीस्टमुळे. लोक कॅनच्या मागे लवंग कुठे लिहिलीय ते शोधत बसतात, ती नसतेच.

आता खरेदी. दुकानात गेलात की आधी कॅन उलटा करून तारीख बघा, ब्रँड नंतर. आयपीएचा जो हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वास असतो तो दोन-तीन महिन्यांत बराच उतरतो, त्यात आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये माल गोडाऊनमध्ये तापत पडलेला असू शकतो, म्हणजे तुम्ही एक ताजी आणि एक सहा महिने जुनी अशी तुलना केलीत तर तुम्ही ब्रूअरीची नाही तारखांची तुलना करताय. जमेल तितक्या जवळच्या तारखांचे कॅन घ्या. हिरव्या किंवा पारदर्शक बाटल्या उजेडात मांडलेल्या असतील तर सोडून द्या. मायक्रोब्रूअरीतून ग्राउलर (ताजी बिअर भरून न्यायची मोठी बाटली) भरून आणणार असाल तर तो त्याच दिवशी उघडा, फार तर दुसऱ्या दिवशी, आणि एकदा उघडला की संपवायचाच.

किती आणायची? सहा जण असाल तर ५०० मिलीचा एक कॅन पुरतो, प्रत्येकी साधारण ८० मिली. अशा पाच बिअर म्हणजे माणशी ४०० मिली, एका मोठ्या बाटलीपेक्षाही कमी. पाचच्या वर जाऊ नका, सहाव्यापासून जीभ दमते आणि सगळंच छान लागायला लागतं. खर्च टीटीएमएम, नाहीतर वर्गणी आधी काढा, नंतर मागायला गेलं की सगळे गूगल पे चालत नाहीये म्हणतात. आणि हो, महाराष्ट्रात बिअरला वय २१ पूर्ण लागतं, परमिटही लागतं, तेवढं बघा.

जागेबद्दल एकच गोष्ट, वास नको. अगरबत्ती, डासांची कॉइल, अत्तर, किचनमधून येणारी लसणाची फोडणी, यातलं एक जरी चालू असलं तरी हॉप्सचा वास मेला. चखणाही आत्ता नको. खारे शेंगदाणे आणि मसाला पापड खाल्ला की कडूपणा आणि गोडवा दोन्ही वेगळे लागतात. मधेमधे तोंड साफ करायला साधं पाणी आणि साधा पाव. यावर ग्रुपमध्ये बंड होणार, होऊ दे, चखणा शेवटी आहेच.

ग्लास सगळ्यांना सारखे हवेत, काचेचे, स्टीलचे नकोत. वाइनचे ग्लास असतील तर उत्तम, कारण वरून निमुळते असतात आणि वास आत साठतो. पण आकारापेक्षा स्वच्छता महत्त्वाची. तेलाचा किंवा साबणाचा जरासा अंश राहिला तरी फेस बसतो, मग लोक बिअरला नावं ठेवतात. खाण्याच्या सोड्याने धुवा, भरपूर पाण्याने विसळा, फडक्याने पुसू नका, उपडे ठेवून वाळू द्या. तपासायचं असेल तर ग्लास आतून ओला करा आणि मीठ भुरभुरवा, सगळीकडे सारखं चिकटलं तर स्वच्छ, मधे टक्कल दिसलं तर तिथे तेलकट आहे.

थंडपणावर आपल्याकडे भांडणं होतात. एकदम चिल्ड पाहिजे असा हट्ट असतो, काही जण तर ग्लासच फ्रीझरमध्ये ठेवतात. गार बिअरला वास येत नाही आणि जीभ बधिर होते, म्हणूनच बेचव बिअर एकदम गार करून विकतात असं माझं प्रामाणिक मत आहे. लागर (आपली नेहमीची पिवळी बिअर) ५-६ अंशांना ठीक, व्हीट ६ ते ८, आयपीए ८ ते १०, स्टाउट १० ते १३. थर्मामीटर कोणाकडे नसतो, त्यामुळे फ्रिजमधून काढून व्हीट पाच मिनिटं, आयपीए दहा-पंधरा, स्टाउट वीस मिनिटं बाहेर ठेवा, मे महिना असेल तर निम्मा वेळ.

आता मुख्य भाग, लेबल झाकणं. एका माणसाने आतल्या खोलीत ओतायचं आणि बाहेर फक्त ग्लास आणायचे. ग्लासना एक-दोन-तीन नंबर देऊ नका, "एक नंबर" म्हटलं की डोक्यात काहीतरी होतंच, त्यापेक्षा ४१७, ८२६ असे काहीही आकडे लिहा. ओतणाऱ्याने चेहरा कोरा ठेवायचा, आणि त्याला नीट चाखायचं असेल तर पुढच्या वेळी दुसरा ओतेल. पहिल्या ग्लासला नेहमी उगाच फायदा मिळतो, तहान लागलेली असते ना, म्हणून अर्ध्या लोकांनी उलट्या क्रमाने चाखायचं. कडूपणा किंवा अल्कोहोल फार वेगळं असेल तर मात्र हलक्याकडून कडककडेच जा, कारण डबल आयपीएनंतर साधी पेल एल पाण्यासारखी लागते. व्हीट ओतताना कॅन आधी हळूच उलटा-सुलटा करायचा आणि सगळ्यांना दोन फेऱ्यांत ओतायचं, नाहीतर पहिल्याला स्वच्छ बिअर आणि शेवटच्याला सगळा गाळ, आणि मग दोघं तासभर वाद घालतात.

ग्लास हातात आला की लगेच हुंगा, फेस असतानाच, छोटे छोटे दोन-तीन श्वास. मग रंग बघा. मग घोट, तोंडात सगळीकडे फिरवा, गिळा, आणि गिळल्यावर नाकाने श्वास बाहेर सोडा. वाइनवाले थुंकतात तसं करू नका, गिळल्यावर मागे जो कडूपणा रेंगाळतो तो बिअरचा अर्धा विषय असतो. कोणाला नाकाचं महत्त्व पटत नसेल तर त्याला नाक चिमटीत धरून घोट घ्यायला सांगा आणि तोंडात असतानाच चिमटी सोडायला सांगा, पटेल.

आणि यातलं काहीही करताना बोलायचं नाही. आधी लिहायचं, मग बोलायचं. हा एक नियम पाळलात आणि बाकीचे सगळे मोडलेत तरी चालेल. कारण एकाने "अरे याला केळ्याचा वास येतोय" म्हटलं की पुढच्या दहा सेकंदांत सगळ्यांना केळंच येतं, आणि त्याला नंतर इलाज नाही.

लिहायचं काय हा प्रश्न येतो. बहुतेक कागदांवर "स्मूथ" आणि "रिफ्रेशिंग" एवढंच लिहिलेलं असतं, यातून काहीही कळत नाही. यासाठी एक सोपी युक्ती आहे, टेस्टिंगच्या आधी वाट्या मांडा. एका वाटीत ठेचलेले धणे, एकीत लवंग, एकीत काळं पडायला लागलेलं केळं, संत्र्याची साल, पपनसाची फोड, पिकलेला पेरू, काकवी, कॉफी पावडर, करपवलेला पावाचा तुकडा. सगळ्यांनी एकदा हुंगून घ्यायचं. आयपीएमधला जो वास सगळे ग्रेपफ्रूट म्हणून सांगतात तो पपनस हुंगल्यावर पटकन सापडतो, आणि पेरू तर काही नव्या हॉप्समध्ये इतका सरळ येतो की हसू येतं. स्टाउटला करपलेला पाव आणि कॉफी. जाता जाता, काळी बिअर म्हणजे स्ट्राँग हा गैरसमज काढून टाका, गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्के आहे आणि आपल्याकडच्या पिवळ्याधमक स्ट्राँग बिअर ७-८ टक्क्यांपर्यंत जातात. काळा रंग भाजलेल्या धान्याचा.

चांगले वास जितके शिकायचे तितकेच वाईटही. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास आला तर डायअॅसिटिल, बहुतेक वेळा बिअर घाईत काढलीय. उकडलेल्या मक्याचा आला तर डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड). हिरव्या कच्च्या सफरचंदाचा म्हणजे अॅसिटाल्डिहाइड, तीही कच्चीच. भिजलेल्या पुठ्ठ्याचा म्हणजे ऑक्सिजन लागलाय, जुनी झालीय. आणि उन्हात राहिलेल्या बिअरचा वास एकदा कळला की आयुष्यभर विसरत नाही, इंग्रजीत त्याला स्कंक नावाच्या घाणेरड्या वासाच्या प्राण्यावरून नाव आहे, तो आपल्याकडे नसतो, जळलेलं रबर म्हटलं तरी जवळपास जातं. हॉप्समधले कडू घटक उजेडाने तुटतात म्हणून हे होतं, तपकिरी बाटली बरीच वाचवते, कॅन पूर्ण वाचवतो. घरी करून बघा: एकाच कंपनीच्या हिरव्या बाटलीतल्या दोन लागर घ्या, एक फ्रिजमध्ये, एक अर्धा तास गच्चीवर उन्हात, मग तीही गार करून शेजारी शेजारी चाखा. एवढ्या खर्चात यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही.

मार्क द्यायचे असतील तर बीजेसीपीचा (बिअरचे परीक्षक तयार करणारी अमेरिकन संस्था) तक्ता उचला, जगभर होमब्रूच्या स्पर्धांमध्ये तोच वापरतात. एकूण ५०, त्यात वासाला १२, दिसण्याला फक्त ३, चवीला २०, तोंडात कशी वाटते त्याला ५, आणि एकूण मत १०. दिसण्याला तीनच का असं विचारणारा एक जण असतो, त्याला इन्स्टाग्रामवर पाठवा. मार्कांपेक्षा मला शेरे जास्त कामाचे वाटतात, पण मार्कांशिवाय लोक निवडत नाहीत, सगळ्याच चांगल्या होत्या म्हणतात.

आणि कोणीतरी छातीठोकपणे "मी या दोन्ही डोळे मिटून ओळखतो" म्हटलं तर त्याच्यासाठी ट्रँगल टेस्ट. तीन ग्लास, दोनमध्ये एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी, वेगळा कोणता ते सांगायचं. रंगात फरक असेल तर दिवे मंद करा. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर येतोच, म्हणून सहा जणांत दोघं बरोबर आले तर काहीच सिद्ध होत नाही, चारही योगायोगाने येऊ शकतात, किमान पाच बरोबर आले तर फरक खरा मानायचा. बऱ्याच मोठ्या वादांचा निकाल इथे "फरक नाहीये" असा लागतो आणि दोन मिनिटं खोलीत शांतता असते.

सगळ्यांचे कागद भरले की मोठ्याने वाचा, सगळ्यात अबोल माणसापासून सुरू करा, आणि नावं अगदी शेवटी उघडा. महागडा कॅन तळाला जाणं हे बऱ्याचदा होतं, तेव्हा लगेच मत बदलायला परवानगी नाही, कागदावर आहे ते आहे. फोटो काढून ग्रुपवर टाका, सोबत कॅनवरची तारीख आणि कुठल्या दुकानातून घेतला तेही लिहा, सहा महिन्यांनी तीच बिअर वेगळी लागली तर कारण त्यात सापडतं. मग चखणा काढा, शेंगदाणे, पापड, काय असेल ते, आणि उरलेलं आता लेबल बघून प्या. गाडीची किल्ली मात्र यजमानाकडे जमा, १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम ही मर्यादा आहे आणि ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते, रिक्षा नाहीतर कॅब आधीच ठरवून ठेवा, रात्री अकरानंतर कोणी येत नाही.