फॉन्टची जोडी जुळवण्याचा डाव

शीर्षकाला कोणता फॉन्ट शोभेल आणि खालच्या मजकुराला कोणता, याची नजर नियम पाठ करून बसत नाही. त्यापेक्षा दोघांनी मिळून डाव मांडावा. कोल्हापुरात नेहमी दिसणारा ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’ हा फलक नमुन्याला उत्तम. शीर्षक ‘मोदक’ या जाडजूड अक्षरांच्या फॉन्टमध्ये कायम ठेवावे, आणि स्थळ, वेळ, बक्षिसे या मजकुराला ‘मुक्ता’, ‘तिरो देवनागरी मराठी’ व खुद्द ‘मोदक’ असे गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळणारे फॉन्ट आळीपाळीने लावून, नावे झाकून, जोडीदाराला दाखवावेत. शोभणारी जोडी त्याने निवडावी, पण कारण सांगितल्याशिवाय गुण द्यायचा नाही. खेळाचे खरे मर्म तिथेच आहे.

‘मोदक’ लहान आकारात लावला की अक्षरांतल्या फटी बुजून ‘कुस्त्यांचे’मधला जोडाक्षराचा भाग ओळखू येत नाही, हे लगेच दिसते. ‘तिरो’मध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे मिळतात, पण सरळ व तिरपा एवढेच दोन प्रकार आहेत. ‘मुक्ता’त जाडीच्या 7 पायऱ्या असल्याने पैलवानांची नावे ठळक आणि नियम बारीक ठेवता येतात. माझे मत अशा फलकापुरते ‘मुक्ता’लाच. पुढच्या डावात शीर्षक बदलावे, मजकूर तोच ठेवावा.