लांब पल्ल्याच्या ट्रकमधील शिधा आणि स्वयंपाक

सोलापूरहून हैदराबाद, पुणे किंवा विजयपूरच्या रस्त्याला लागणाऱ्या ट्रकमध्ये कोणते अन्न घ्यावे, हे ठरवताना चवीआधी त्यातील पाण्याचा अंश पाहावा. उन्हाळ्यात येथील पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या असलेल्या ट्रकचे केबिन त्याहूनही तापते, त्यामुळे सकाळी बांधून घेतलेली ओली भाजी दुपारपर्यंत विटते.

या हिशेबाने कडक भाकरी आणि शेंगा चटणी यांना तोड नाही. ज्वारीची पातळ भाकरी भाजून झाल्यावर मंद आचेवर खडखडीत होईपर्यंत शेकली, की ती बरेच दिवस टिकते. मात्र ती पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावी, कारण कोमट भाकरीची वाफ झाकणाला लागून तिचे पाणी होते आणि बुरशी धरते. डबा भरण्यापूर्वी एक भाकरी मधोमध वाकवून पाहावी. कट्‌कन तुटली तर ठीक, लवली तर सगळ्याच पुन्हा शेकाव्यात. शेंगा चटणीत तेल सुटलेले असते आणि उष्णतेने ती खवट होते, म्हणून एक मोठी बरणी नेण्यापेक्षा दोन-तीन लहान बरण्या न्याव्यात, त्या इंजिनाच्या झाकणापासून दूर ठेवाव्यात आणि ओला चमचा त्यांत कधीही घालू नये.

गरम जेवण हवेच असते. त्यासाठी लहान कुकर, तवा, ५ किलोचा सिलिंडर आणि तांदूळ, मूगडाळ, कांदा, लसूण, काळे तिखट एवढे सामान पुरे. डाळ-तांदूळ निघण्यापूर्वी निवडून, एका वेळेचे माप करून वेगवेगळ्या पुड्या बांधल्या, की अंधारात किंवा पावसात मापण्याची कटकट उरत नाही. खिचडीचा कुकर उतरवून जाड घोंगडीत गुंडाळून ठेवल्यास उरलेले शिजणे आतल्या वाफेवरच होते आणि गॅस वाचतो.

केबिनमध्ये मात्र शेगडी पेटवू नये, मग बाहेर कितीही पाऊस असो. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचून राहतो. बंद जागेत ज्वलनातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला तर वासही नसतो. ट्रक रस्त्यापासून आत, सपाट जागी उभा करून चाकांना दगड लावावेत आणि शेगडी वाऱ्याच्या आडोशाला, डिझेलच्या टाकीपासून लांब जमिनीवर मांडावी. रेग्युलेटरच्या जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. पेट्रोल पंपाच्या आवारात आणि ज्वलनशील माल भरलेल्या गाडीजवळ चूल, शेगडी काहीही पेटवू नये. अशा फेरीत सिलिंडर घरीच ठेवून ढाब्यावर जेवावे.

शिजवलेले अन्न एका बैठकीत संपेल एवढेच करावे. विशेषतः भात उरवून सकाळी गरम करून खाण्याची सवय वाईट, कारण उबेत राहिलेल्या भातात जिवाणू वाढून जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. इतर अन्नही दोन तासांपेक्षा जास्त उघड्यावर राहू देऊ नये आणि कडक उन्हाळ्यात एक तासाचीच मर्यादा धरावी.

पिण्याच्या पाण्याचा कॅन वेगळा ठेवून धुण्यासाठी दुसरा वापरावा. पिठाचा डबा डिझेल-ग्रीसच्या चिंध्या असलेल्या टूल बॉक्सशेजारी ठेवू नये, कारण एकदा पिठाला तो वास लागला की भाकरी कितीही भाजली तरी तो जात नाही.