‘टर्बो गेलाय’ म्हणून आलेली पिकअप: तपासणी कुठून सुरू करायची

डिझेल मेकॅनिकचा ट्रेड करून गॅरेजला लागलेल्या नव्या मुलांसाठी हे लिहितो आहोत. पिकअपचा ड्रायव्हर बहुतेक वेळा निदान करूनच येतो: गाडी घाटात उचलत नाही, काळा धूर मारते, म्हणजे टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) गेला. त्याचं म्हणणं ऐका, लिहून घ्या, पण टर्बोला हात लावू नका. टर्बो महाग असतो. शिवाय नवा बसवूनही तक्रार तशीच राहिली, तर दोष हवेच्या होजमध्ये, व्हॅक्यूमच्या नळीत किंवा ऑइलच्या पाइपमध्ये होता हे कळेपर्यंत मालकाचे पैसे गेलेले असतात.

आधी प्रश्न विचारा. ताकद एकदम गेली की हळूहळू? एकदम गेली असेल तर सुटलेली होज, फाटलेली नळी किंवा लिंप मोड (बिघाड दिसला की इंजिनची ताकद कमी ठेवणारी अवस्था). हळूहळू गेली असेल तर चोंदलेला एअर फिल्टर, काजळीने जड झालेल्या व्हेन्स (टर्बोच्या आतल्या हलत्या पात्या), भरत आलेला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर). रिकामी गाडी नीट पळते आणि माल भरला की दमते का? चावी बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ बरी चालते का? या शेवटच्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मुद्दाम ताकद कापतो आहे. स्कॅनर लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. रत्नागिरीहून मासळी भरून आंबा घाट चढणाऱ्या गाडीची तक्रार सपाट रस्त्यावर रिकामी चालवून कधीच दिसणार नाही.

धुराचा रंग बघा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: बूस्टची (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाची) गळती, चोंदलेला फिल्टर, उघडा अडकलेला ईजीआर (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण ते टर्बोतूनच येतंय असं नाही. पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह सीलमधूनही येतं. पांढरा धूर बहुधा टर्बोचा नसतो, तो इंजेक्टर किंवा पाण्याकडे बोट दाखवतो.

मग स्कॅनर. पी0299 म्हणजे बूस्ट कमी, पी0234 म्हणजे बूस्ट जास्त. ‘टर्बो बदला’ असा अर्थ यातल्या एकाही कोडचा नाही. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम लिहून ठेवा: किती आरपीएमला, किती लोडला, इंजिन किती गरम असताना कोड पडला. मग इंजिन बंद आणि चावी ऑन ठेवून मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचं रीडिंग बघा. ते त्या गावच्या हवेच्या दाबाइतकं यायला हवं: समुद्रकाठी सुमारे 101 किलोपास्कल, पुण्या-कोल्हापूरच्या उंचीवर 95 च्या आसपास, महाबळेश्वरला 86 च्या आसपास. पुण्यात उभ्या गाडीचा सेन्सर 115 दाखवत असेल तर तो काढून काजळी साफ करा, वायरिंग तपासा आणि मगच बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवा.

जागेवर रेस देऊन बूस्ट तपासणं ही नव्या मुलांची नेहमीची चूक. लोड नसताना एक्झॉस्टमध्ये तेवढी ऊर्जाच नसते, त्यामुळे चांगला टर्बोसुद्धा मोजकाच दाब देतो. गाडीत वजन ठेवा, मोकळा चढ निवडा, तिसऱ्या गिअरमध्ये 1500 आरपीएमवरून पूर्ण रेस देऊन 3000 पर्यंत न्या. स्कॅनर दुसऱ्याच्या हातात असू द्या. गाडी चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही. ‘अपेक्षित बूस्ट’ आणि ‘प्रत्यक्ष बूस्ट’ या दोन्ही रेघा रेकॉर्ड करा. हे आकडे सहसा ॲब्सोल्यूट असतात, म्हणजे वातावरणाचा दाब धरून. 200 दिसलं तर टर्बोने स्वतः सुमारे 1 बार वाढवला, 2 बार नाही. प्रत्यक्ष रेघ उशिरा चढते पण शेवटी पोचते, तेव्हा लहान गळती किंवा व्हेन्स जड झाल्याचा संशय घ्या. रेघ वातावरणाच्या दाबावरून फारशी हलतच नसेल तर होज सुटलीय किंवा ॲक्च्युएटर (टर्बोचा बूस्ट कमी-जास्त करणारा हलता भाग) काम करत नाही. रेघ अपेक्षेच्या वर उसळून मग ताकद कापली जात असेल तर व्हेन्स बंद बाजूला अडकतात किंवा वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारं दार) उघडत नाही.

आता गळती. एअर फिल्टर काढून बघा, फिल्टर ते टर्बो आणि टर्बो ते इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) ते मॅनिफोल्ड या सगळ्या होज हाताने चाचपा. होजची खालची, नजरेआडची बाजू आधी बघायची. इंजिनच्या हादऱ्याने ती ब्रॅकेटला घासते आणि तिथेच फाटते. चीर थंड इंजिनवर मिटलेली असते आणि दाब आला की ओठासारखी उघडते, म्हणून नुसत्या डोळ्यांनी बघून ‘होज ठीक’ म्हणू नका. जोडाजवळ ऑइलचा ओला डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तिथून हवा जाते आहे. खात्री करायला टर्बोची इनलेट होज काढा, तिथे व्हॉल्व्ह बसवलेलं बूच क्लॅम्पने आवळा आणि रेग्युलेटर लावून 10 ते 15 पीएसआय हवा सोडा. गॅरेजच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब थेट सोडलात तर बूच उडून माणूस जखमी होईल, होजही फाटेल. मग जोडांवर साबणाचं पाणी मारा. इंटरकूलरच्या प्लास्टिक टाकीची कडा, जिथे ती ॲल्युमिनियमला दाबून बसवलेली असते, तिथे विशेष लक्ष द्या; तिथले बुडबुडे बारीक असतात. इनलेट व्हॉल्व्ह उघडा असलेल्या सिलिंडरमधून थोडी हवा जाणारच, तिचा आवाज गळतीचा समजू नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या मधल्या गॅस्केटवरही टॉर्च मारा. तिथे काळ्या काजळीचा पट्टा असेल तर टर्बाइनला (टर्बोच्या एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाला) मिळायची ऊर्जा बाहेरच जाते आहे.

ॲक्च्युएटरकडे वळण्याआधी टर्बो कोणत्या जातीचा आहे ते ओळखा, कारण एकच बिघाड दोन जातींत उलटे परिणाम देतो. दाबावर चालणाऱ्या वेस्टगेटची बारीक नळी फाटली तर गेट उघडत नाही आणि बूस्ट वाढतो. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटीत (हलत्या व्हेन्सच्या टर्बोत) नळी फाटली तर बहुतेक गाड्यांत व्हेन्स उघड्या राहतात आणि बूस्ट पडतो. व्हॅक्यूम ॲक्च्युएटरला हातपंप लावा. रॉड अडखळत नाही ना, पूर्ण प्रवास करतो ना, आणि 500 मिमी पाऱ्याच्या व्हॅक्यूमवर एक मिनिट सुई स्थिर राहते ना, हे बघा. सुई उतरली तर डायफ्राम फाटलाय. रॉड जड चालत असेल तर ॲक्च्युएटरपासून सोडवून लिव्हर बोटाने हलवा: लिव्हर सहज हलला तर दोष ॲक्च्युएटरचा, अडखळला तर व्हेन्सवर काजळी. शहरात थांबत-थांबत, कमी आरपीएमवर चालणाऱ्या डिलिव्हरीच्या गाड्यांत हे जास्त दिसतं. रॉडचा स्टॉप स्क्रू मात्र अंदाजाने फिरवू नका. तो बेंचवर सेट केलेला असतो, आणि फिरवून मिळालेला ‘पिकअप’ पुढे ओव्हरबूस्टचा कोड घेऊन परत येतो. हातपंपाने सगळं नीट चाललं तर व्हॅक्यूम पंप, सोलेनॉइड आणि मधल्या नळ्या तपासा. आयडलला पंपाने साधारण 650 मिमी किंवा जास्त दिलं पाहिजे.

इथपर्यंत काहीच सापडलं नाही, तरच टर्बोची इनलेट होज काढून शाफ्ट तपासायचा. इंजिन बंद आणि थंड हवं. कॉम्प्रेसरचं (टर्बोच्या हवेच्या बाजूचं) चाक बोटाने फिरवा, मग एका बाजूला दाबून धरत पुन्हा फिरवा. बुश बेअरिंगच्या टर्बोत आडवा थोडा खेळ असतोच. तिथे ऑइलचा थर बसायचा असतो. हा खेळ जाणवला म्हणून चांगला टर्बो मोडीत निघाल्याचं बऱ्याच ठिकाणी घडतं. बघायचं ते एवढंच, की पाती हाउसिंगला घासतात का आणि हाउसिंगच्या आत चकचकीत ओरखडा आहे का. पुढे-मागे खेळ मात्र हाताला जाणवता कामा नये. तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असतो, म्हणून डायल गेज लावून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. घासणाऱ्या टर्बोचा आवाज सायरनसारखा आरपीएमबरोबर चढतो. नुसती फुस्स अशी हवा बहुधा होजची असते.

इंटरकूलरच्या होजमध्ये ऑइलचा पातळ थर दिसला म्हणून घाबरू नका, तो ब्रीदरमधून (क्रँककेसमधली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) येतो. ऑइल ओघळत असेल, इंटरकूलरच्या तळाशी साचलं असेल तर गंभीर. अशी गाडी ट्रायलला नेऊ नका. साचलेलं ऑइल इंजिनने ओढलं की इंजिन चावी काढूनही थांबत नाही, आरपीएम वाढतच जातो. मॅन्युअल गाडीत लगेच ब्रेक दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पाडतात. वेग चढलेला असेल तर इंजिनजवळ कुणी उभं राहायचं नाही. ऑइल टाकणारा टर्बो दिसला तरी तीन गोष्टी तपासा: ऑइल परत सम्पमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) नेणारा ड्रेन पाइप चोंदलाय का, ब्रीदर बंद आहे का, ऑइलची पातळी खुणेच्या वर आहे का. टर्बोतून ऑइल केवळ उताराने खाली येतं. खाली वाट बंद झाली किंवा क्रँककेसमध्ये ब्लो-बायचा (रिंगांमधून निसटणाऱ्या वायूचा) दाब वाढला की ते सीलमधून बाहेर पडतं, आणि नवा टर्बोही तेच करेल.

टर्बो खरंच गेला असेल तर काढलेला टर्बो नीट वाचा. कॉम्प्रेसरची पाती पुढून झिजलीत तर फिल्टरमधून धूळ जाते आहे. कोकणातल्या जांभ्याच्या आणि वीटभट्टीच्या गाड्यांत हे बघायलाच हवं. टर्बाइनची पाती तुटलीत तर इंजिनमधून ग्लो प्लगचं टोक किंवा व्हॉल्व्हचा तुकडा आलाय. शाफ्ट निळा पडलाय तर ऑइल पोचलं नाही. शाफ्टवर रेघांचे चरे असतील तर ऑइल घाण होतं.

बसवताना ऑइल आणि फिल्टर नवे घाला. फीड पाइप आणि बँजो बोल्टची (तो पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टची) जाळी नुसती फुंकून चालत नाही, शक्यतो नवीच टाका. इंटरकूलर धुऊन पूर्ण सुकवा. ऑइलच्या जोडांना सिलिकॉन लावू नका, आत पिळून गेलेला तुकडा फीडचं भोक बंद करतो. टर्बोच्या कार्ट्रिजमध्ये (शाफ्ट आणि बेअरिंगच्या मधल्या भागात) 20 ते 30 मिली स्वच्छ ऑइल ओतून चाक हाताने फिरवा. इंजेक्टरचे कनेक्टर काढून 10-15 सेकंदांच्या टप्प्यांत सेल्फ मारा, ऑइलचा दाब येऊ द्या. मग कनेक्टर लावून इंजिन चालू करा आणि काही मिनिटं आयडलवरच ठेवा, रेस नाही. त्यानंतर त्याच चढावर, त्याच वजनाने बूस्टची नवी नोंद घ्या. ती जुन्या नोंदीसोबत जॉबकार्डला लावा आणि गाडी मालकाच्या ताब्यात देण्याआधी सगळे क्लॅम्प गरम इंजिनवर एकदा पुन्हा आवळा.